नदी नाही, पाऊस नाही; तरी यझ्द उभं कसं राहिलं?

२०२५ च्या वसंतात मध्य इराणातल्या यझ्द शहराचं पाणी तुटलं. शेजारच्या इस्फहान प्रांतातल्या शेतकऱ्यांनी यझ्दकडे जाणारी जलवाहिनी फोडली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची झायंदे-रूद नदी आटली, आमची शेतं करपली आणि आमच्या वाट्याचं पाणी तिकडच्या कारखान्यांना चाललंय. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळात नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भांडणाची चाल ओळखीची वाटेल.

पण एक गोष्ट खटकते. ही जलवाहिनी आली गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. शहर मात्र दीड हजार वर्षांहून जुनं. शिवाय ते नुसतं तगून राहिलं असंही नाही. तिथे चौदाव्या शतकातली, इराणात सर्वांत उंच मिनार असलेली मशीद आहे, दीड हजार वर्षं विझला नाही असा मानला जाणारा अग्नी आहे, रेशमाच्या विणकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पेठ आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो इथून गेला, तोही इथल्या कापडाचं कौतुक लिहून गेला. २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवलं. एवढा सगळा प्रपंच नदीशिवाय चालला कशावर?

यझ्दची फोटोंची पानं चाळताना निळ्या फरशांची मशीद एका जागी दिसते, अग्यारी दुसऱ्या जागी, डोंगर-वाळवंट तिसऱ्या. ते वेगळे धागे नाहीत. पाण्याचं टोक धरलं की तिन्ही एकामागून एक हाती येतात.

आधी पाऊस कुठे अडतो ते पाहू

यझ्दला वर्षभरात जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैच्या एका जोरदार दुपारी याहून जास्त पडून जातो.

कारण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सह्याद्रीने ढग अडवले की महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं. इराणात हेच काम झाग्रोस पर्वतरांग करते. पश्चिमेकडून येणारी ओल ती आधीच काढून घेते आणि तिच्यामागचं पठार पर्जन्यछायेत जातं. यझ्द त्या पठारावर, समुद्रसपाटीपासून बाराशेएक मीटर उंचीवर, दोन वाळवंटांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

वाचवणारी गोष्ट एकच. शहराच्या नैर्ऋत्येला शीरकूह नावाचा डोंगर आहे, चार हजार मीटरहून उंच. हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ पडतं, उन्हाळ्याकडे वितळतं आणि पायथ्याच्या दगडगोट्यांच्या उतारात मुरतं. म्हणजे पाणी आहे, पण डोंगराच्या पोटात. माणसं आणि शेतजमीन आहे खाली सपाटीवर, कित्येक कोस दूर. उघड्या पाटाने आणायचं तर तिथल्या उन्हात अर्धं वाटेतच उडून जाईल.

मग ते जमिनीखालून आणलं.

कनात म्हणजे काय

मांडवाला बाजूने लावतात त्या कनातीशी याचा संबंध नाही. इराणातली कनात म्हणजे जमिनीखालून खणलेला, हलक्या उताराचा बोगदा. जुना फारसी शब्द कारीझ.

रचना अशी. डोंगराच्या पायथ्याशी आधी एक खोल विहीर खणतात आणि पाणी लागतं का ते बघतात. तिला म्हणतात मादर-चाह, म्हणजे आई-विहीर. तिच्या तळापासून गावाच्या दिशेने बोगदा काढायचा. त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. जमीन झपाट्याने खाली येते, बोगदा सावकाश खाली येतो, त्यामुळे कधीतरी दोघांची गाठ पडते. जिथे गाठ पडते तिथे पाणी आपोआप उघड्यावर येतं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही.

जिन्यावर एक लांब पन्हळ आडवी धरा. जिना खाली उतरत जातो, पन्हळ जवळजवळ आडवीच राहते. वरच्या पायरीच्या आत टोक खुपसलेली ती पन्हळ खालच्या पायरीपाशी मोकळ्या हवेत बाहेर पडेल. कनात तशीच.

खरी मेख उतारात आहे. हजार मीटरला एखादा मीटर, कधी त्याहूनही कमी. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि बोगद्याची माती खातं. कमी झाला तर गाळ बसतो. हे सगळं अंधारात, वाकून, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, दोरी आणि ओळंब्याच्या भरवशावर साधायचं.

वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खणलेल्या असतात. त्यातून माती वर निघते आणि खणणाऱ्याला हवा मिळते. विमानातून पाहिलं तर वाळवंटात मुंग्यांच्या वारुळांची लांबलचक रांग दिसावी तशा त्या दिसतात. यझ्दच्या खालून जाणारी झार्चची कनात सत्तर किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर अशा दोन हजारांवर विहिरी आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने इराणातल्या अकरा कनाती वारसायादीत घेतल्या, त्यात ही आहे.

हे काम करणाऱ्यांना म्हणतात मुकन्नी. यझ्दचे मुकन्नी इराणभर नावाजलेले. ते कामाला पांढरे कपडे घालून उतरत. एक कारण असं की अंधारात पांढरं दिसतं. दुसरं कारण लोक सांगतात ते असं की दरड कोसळली तर कफन वेगळं लागत नाही.

हे तंत्र आपल्या दारापर्यंतही आलं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर-ए-अंबरी आणली ती याच कुळातली: जमिनीखालचा मार्ग, वर झरोके, पाणी केवळ उताराने वाहतं. तिच्यानंतरच्या एका नहरीवरची पाणचक्की पाहायला शाळेच्या सहली आजही जातात. मुलं पात्याचे फोटो काढून परततात, पाणी आलं कुठून हे फारसं कोणी विचारत नाही.

पाणी आलं, आता वाटायचं कसं?

कनात खणायला वर्षं लागतात आणि पैसा खूप. एकट्यादुकट्याचं काम नाही. म्हणून ती भागीदारीत खणली जाई. आणि भागीदारी आली की वाटणी आली, वाटणी आली की भांडण.

पाणी मोजायचं तर वेळेने मोजायचं. घड्याळ नव्हतं तेव्हा तिथे एक साधन वापरत: मोठ्या भांड्यात पाणी भरायचं, त्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. आपल्या लग्नात मुहूर्त गाठायला भटजी जे घटिकापात्र ठेवत, अगदी तेच. आपण त्याच्यावर अक्षता टाकायची वेळ बघितली, यझ्दच्या शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या बागेची पाळी.

यावर देखरेख करणारा मीर-आब. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवा: गावाने नेमलेला, सगळ्यांची पाळी ठाऊक असलेला, ज्याच्याशी वाकडं घेणं परवडत नाही असा माणूस. पाण्याचे हिस्से विकले जात, वारसांत विभागले जात आणि मशिदीला दानही दिले जात. एखाद्या मशिदीचा दिवाबत्तीचा खर्च एका कनातीच्या अमुक इतक्या वाट्यांवर चाले. देवस्थानाला इनाम जमीन असते, तिथे इनाम पाणी असे.

मशिदीच्या पोटातल्या पायऱ्या

यझ्दची जामे मशीद, म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाची मुख्य मशीद, आज दिसते ती मुख्यतः चौदाव्या शतकातली. प्रवेशाची कमान इतकी उंच आणि अरुंद आहे की मान मागे टाकून बघावं लागतं. तिच्या डोक्यावरचे दोन मिनार जमिनीपासून सुमारे पन्नास मीटर उंच जातात. सगळ्या मातकट गावात एवढीच एक निळी रेघ. फरशा रंगवलेल्या नाहीत. वेगवेगळ्या रंगांच्या भाजलेल्या फरशा छिन्नीने कापून, तुकडा तुकडा जुळवून नक्षी केली आहे. गोधडीला ठिगळं जोडावीत तसं, फक्त इथलं ठिगळ कधी कधी नखाएवढं.

घुमट कसा उभा राहिला हा प्रश्न रंजक आहे. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर गोल ठेवला तर चारी कोपरे उघडे पडतात. इराणी गवंड्यांचा तोडगा: प्रत्येक कोपऱ्यात तिरकी कमान टाकायची. चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचा सोळा बाजूंचा, आणि त्यावर गोल अलगद बसतो. विजापूरचा गोल घुमट आतून पाहिलेल्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी पाहिल्या असतील. प्रश्न तोच, उत्तर थोडं निराळं.

आणि हा तोडगा इस्लामच्या आधीचा आहे. सासानी राजांच्या काळात, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या शतकात, अग्नीसाठी चहार-ताक बांधत: चार खांब, चार कमानी, वर घुमट. पुढे इराणातल्या मशिदींनी तोच साचा उचलला.

इथे हमखास विचारलं जातं: म्हणजे अग्यारी पाडून मशीद बांधली का? जामे मशीद जुन्या अग्निमंदिराच्या जागी आहे असं यझ्दमध्ये सांगतात खरं. पण इमारतीच्या रूपावरून तसा निकाल देता येत नाही. गवंडी तोच, माती तीच, त्याला येणारी घुमटाची रीत तीच, म्हणून घडण सारखी झाली. शहरापासून थोड्या अंतरावरच्या फहरज गावात इराणातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक आहे. साधी मातीची, फरशीचा तुकडा नाही. तिच्या दारावरची नक्षी तर थेट सासानी महालांतून उचललेली दिसते. धर्म बदलायला एक पिढी पुरत असेल, गवंड्याचा हात बदलायला अनेक लागतात.

मला मात्र फरशांपेक्षा मशिदीच्या आवारातला एक जिना जास्त महत्त्वाचा वाटतो. तो वर मिनाराकडे जात नाही, खाली जातो. अशा जिन्याला म्हणतात पायाब. उतरत गेलं की झार्चची कनात लागते. वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, त्यासाठी पाणी हवं, आणि पाणी तर जमिनीखाली वाहतंय. मग माणसाला खाली उतरवायचं. आपल्याकडची बारव हेच करते. खाली गारवाही असतो, त्यामुळे दुपारी लोक तिथे टेकत.

मोठा माठ, वर धुराड्यासारखा मनोरा

यझ्दच्या कुठल्याही फोटोत घरांवर उभ्या फटींचे चौकोनी मनोरे दिसतात. ते बादगीर, शब्दशः वारा पकडणारे. उंचावरचा वारा जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा वेगवान आणि कमी धुळीचा असतो. बादगीर त्याला फटीत धरतो आणि खाली खोलीत सोडतो. मनोऱ्याला आत उभे पडदे असतात, त्यामुळे एका बाजूने हवा आत येते तेव्हा दुसऱ्या बाजूने खोलीतली गरम हवा ओढली जाते. वारा पडला असेल तर तो धुराड्यासारखा वागतो: गरम हवा हलकी, ती वर निघून जाते.

खालच्या खोलीत कनातीच्या पाण्याचा हौद असला तर आणखी मजा. कोरडी हवा पाण्यावरून गेली की थोडं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडण्याची विदर्भातली रीतही हीच. मुंबईत ही युक्ती चालणार नाही, हवा आधीच दमट, ती आणखी पाणी घेणार कुठून? यझ्दच्या हवेला मात्र कायम तहान.

अठराव्या शतकातल्या दौलताबाद बागेतला बादगीर तेहतीसएक मीटर उंच आहे. (हे दौलताबाद वेगळं, देवगिरीशी नातं फक्त नावाचं.)

पाणी साठवायला आब-अंबार. आब म्हणजे पाणी, आणि अंबार हा शब्द आपण धान्याला वापरतो तोच. जमिनीत खोल हौद, वर घुमट, घुमटाभोवती दोन, चार, सहा बादगीर. हिवाळ्यात भरलेलं पाणी ऐन उन्हाळ्यात गार निघे. मैबोद गावी तर मातीच्या घुमटाखाली बर्फ ठेवत. वाळवंटात रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन भराभर उष्णता टाकते, त्यामुळे हिवाळ्यात उथळ तळ्यातलं पाणी पहाटेपर्यंत गोठतं. ते फोडून खड्ड्यात रचायचं आणि जून-जुलैत सरबताला काढायचं.

अग्नी, ज्याचा पत्ता चार वेळा बदलला

आता अग्यारीकडे. यझ्दचं आतशकदे, म्हणजे अग्निमंदिर, १९३४ चं, म्हणजे आपल्या अनेक इराणी हॉटेलांहून नवं. समोर गोल हौद, मागे खांबांची पडवी, माथ्यावर पंख पसरलेली फरोहरची आकृती, म्हणजे या धर्माची खूण. इमारत बघून मुंबईच्या अग्यारीची आठवण झाली तर ती उगीच नाही. तिच्यासाठी पैसा हिंदुस्थानातल्या पारशांनी दिला आणि नमुनाही इकडचाच.

इमारत नवी, पण आतला अग्नी परंपरेप्रमाणे इ. स. ४७० च्या सुमाराचा. तो आधी दक्षिणेला पारस प्रांतात होता. नंतर अकदा गावी नेला, तिथे सातशे वर्षं राहिला. ११७४ मध्ये अर्दकानला, १४७४ मध्ये यझ्दला. यझ्दमध्येही तो कित्येक शतकं पुरोहिताच्या घरातच राखला, आणि १९३४ मध्ये या इमारतीत आला.

आग एका गावाहून दुसऱ्या गावी जाते कशी? काडीपेटी नव्हती तेव्हा शेजारच्या चुलीतून विस्तव आणायची आपली रीत होती. निखारे राखेत दडवायचे, जपून न्यायचे, नव्या जागी फुंकर घालायची. ज्योत बदलते, लाकूड बदलतं, पण साखळी तुटत नाही. देवळातला नंदादीप कितीही वेळा तेल घातलं तरी तोच राहतो, तसं.

सगळे अग्नी एका पायरीचे नसतात. घरगुती किंवा साध्या पूजेचा दादगाह, त्यावर आदरान, आणि सर्वांत वर आतश बेहराम. आतश बेहराम सिद्ध करायला सोळा ठिकाणचे अग्नी लागतात: लोहाराचा, कुंभाराचा, सोनाराचा, असे वेगवेगळ्या कामांतले, चितेचा, आणि आकाशातून पडलेल्या विजेनेही पेटलेला. प्रत्येक अनेकदा शुद्ध करून मग एकत्र करतात. जगात आतश बेहराम नऊच. त्यातले चार मुंबईत, दोन सुरतेत, एक नवसारीत, एक उदवाड्यात. नववा यझ्दचा.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. मुंबईच्या अग्यारीत पारशी नसलेल्याला प्रवेश नाही. यझ्दला मात्र काचेपलीकडून कोणालाही अग्नी बघता येतो. उच्छ्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून पुरोहित तोंडाला पांढरं कापड बांधतो आणि लाकूड वाहतो.

"म्हणजे हे अग्निपूजकच ना?"

हा आक्षेप अरबांच्या काळापासूनचा आहे. जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्या धर्माच्या, लोकांचं उत्तर असं: आम्ही अहुर मझ्दा या देवाची उपासना करतो, अग्नी ही त्याच्या प्रकाशाची खूण, त्याच्याकडे तोंड करून आम्ही प्रार्थना करतो. समईसमोर शुभंकरोती म्हणणारा माणूस पितळेची पूजा करत नसतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शिवाय अग्नी एकटा नाही. पाणी त्याच्याइतकंच पवित्र. पाणी घाण करणं हे पाप. मुंबईत चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आठवा: १७२५ ची, समुद्र हाकेच्या अंतरावर असून गोड पाण्याची, आजही पारशी तिथे प्रार्थनेला येतात. आतशकदेसमोरचा हौदही मला म्हणूनच नुसता शोभेचा वाटत नाही.

माती, पाणी, अग्नी यांपैकी काहीच प्रेताने बाटू नये, या विचारातून दख्मे आले. शहराच्या दक्षिणेला दोन टेकड्यांवर दोन गोल, उघडे, भिंतीचे कट्टे आहेत. तिथे देह गिधाडांच्या स्वाधीन करत. गिधाडं होती तोवर मुंबईच्या डुंगरवाडीत जे चाले तेच. यझ्दमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे थांबलं, आता दफन होतं, पण कबरीत काँक्रीट घालून, मातीचा स्पर्श टाळून.

त्या दोन दख्म्यांपैकी एकाचं नाव मानेकजी. हे मानेकजी लिमजी हातरिया मूळचे सुरतेकडचे. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी त्यांना इराणात पाठवलं, तिथल्या बांधवांची हालत बघायला. ती वाईटच होती. मुसलमान नसल्याबद्दलचा जिझिया कर भरावा लागे, घोड्यावर बसायला बंदी, आणि घरावर बादगीर बांधायलाही. यझ्दच्या उन्हात बादगीर नाही म्हणजे काय, ते वर वाचलंच आहे. मानेकजींनी शाळा काढल्या, देवस्थानं दुरुस्त केली आणि अर्ज-विनंत्यांचा पिच्छा पुरवला. १८८२ मध्ये शहाने जिझिया रद्द केला.

त्याच शतकात दुष्काळ आणि जाच यांना कंटाळून यझ्द-केरमानकडची माणसं मुंबई-पुण्याला येऊ लागली. हजारएक वर्षांपूर्वी संजाणला उतरलेले ते पारशी, आणि हे उशिरा आलेले ते इराणी. चौकातल्या कोपऱ्यावरची हॉटेलं आणि बेकऱ्या यांनी उभ्या केल्या. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा पुण्यात जन्मले, पण त्यांचे वडील यझ्दजवळच्या खुर्रमशाह गावचे. आज सगळ्या इराणात जरथुश्त्री पंचवीस हजारांच्या आसपास उरलेत. भारतात २०११ च्या जनगणनेत पारशी ५७,२६४ होते.

टप टप, म्हणजे चक चक

यझ्दपासून सत्तरएक किलोमीटरवर, उघड्याबोडक्या डोंगराच्या कड्यात एक गुहा आहे. कातळातून पाणी थेंब थेंब पडतं. आपण म्हणतो टप टप, ते म्हणतात चक चक, आणि हेच जागेचं नाव. दुसरं नाव पीर-ए-सब्झ, हिरवा पीर. उन्हाने भाजलेल्या कड्यावर एवढाच हिरवा ठिपका: एक जुना चिनार आणि थोडी झुडपं.

कथा अशी. अरब फौजा मागे लागल्या तेव्हा शेवटचा सासानी राजा यझ्दगिर्द याची मुलगी निकबानू इथवर पळत आली. पुढे वाट नव्हती. तिने देवाचा धावा केला, डोंगर दुभंगला आणि तिला पोटात घेतलं. पाणी ठिबकतं ते डोंगराचे अश्रू. चिनार म्हणजे तिची काठी. भूमीने सीतेला पोटात घेतल्याचं ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

अभ्यासकांपैकी काहींना वाटतं की इथली पूजा कथेहून जुनी असावी, पाण्याची देवी अनाहितेची. तसं असेल तर क्रम उलटा होतो: आधी पाणी, मग देवी, मग राजकन्या. दरवर्षी १४ ते १८ जून दरम्यान जगभरातून जरथुश्त्री इथे येतात. देवस्थान नजरेस पडलं की वाहन सोडायचं आणि उरलेली वाट पायी चढायची, ही जुनी रीत. कळस दिसल्यावर वारकऱ्याचे हात जोडले जातात त्याच जातीची.

झाड आणि चित्ता

प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाला अबरकूह गावी एक सरू, म्हणजे सायप्रसचं झाड, आहे. त्याचं वय चार हजार वर्षांच्या पुढे धरतात. जरथुश्त्राने लावलं असंही सांगतात. यझ्दच्या तिर्मे नावाच्या भरजरी कापडावर जी कोयरी विणतात, ती म्हणजे वाऱ्याने शेंडा वाकलेला सरू, असं एक मत आहे. पैठणीच्या पदरावर कोयरी बघताना निदान गंमत म्हणून आठवावं.

आणि प्रांताच्या उत्तर-पूर्वेकडच्या ओसाड टेकड्यांत आशियाई चित्त्याचे शेवटचे काही अधिवास आहेत. भारतातून हा प्राणी संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. आपण इराणकडे मागितला, जमलं नाही. म्हणून २०२२ मध्ये कुनोत आले ते आफ्रिकेतले. इराणात आता मोजकेच उरलेत आणि त्यातलेही काही रस्त्यावर गाड्यांखाली जातात.

कनात एवढी हुशार, मग आटली का?

कारण शेजारी बोअर आली.

कनात भूजलाच्या वरच्या थरातून, जेवढं झिरपेल तेवढंच घेते. ती पिण्याच्या ग्लासावरून सांडणारं पाणी टिपणाऱ्या माणसासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इराणात पंपाच्या खोल विहिरी आल्या. त्या ग्लासात नळी घालून तळापासून ओढतात. पातळी आई-विहिरीच्या तळाखाली गेली की कनात कोरडी. ती खाली सरकवता येत नाही, कारण सरकवायची तर सगळा उतारच बदलतो. मराठवाड्यात बोअर सहाशे-आठशे फुटांवर गेल्या तेव्हा आजोबांच्या विहिरी याच हिशोबाने आटल्या. यझ्द-अर्दकानच्या मैदानात तर पाणी उपसल्याने जमीनच खचते आहे. मातीतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढून घेतलं की त्या दबतात, आणि एकदा दबल्या की पुढे पाऊस झाला तरी पूर्वीसारख्या फुगत नाहीत.

"मग जुन्याकडे परत जा म्हणता?" नाही. पाच लाखांहून जास्त वस्तीचं शहर, पोलाद आणि फरशांचे कारखाने, खाणी, हे सगळं झार्चच्या एका कनातीवर चालणार नाही, आणि मुकन्नीच्या पोराला बापासारखं बोगद्यात उतरून दडपून मरायची हौस नाही. पण कनातीची एक अट होती: डोंगर देईल तेवढंच. जलवाहिनीने ती अट काढून टाकली. वाळवंटात पोलाद करायचं ठरवता येऊ लागलं, कारण पाणी तीनशे किलोमीटरवरून आणता येत होतं. आणि ज्यांच्याकडून आणलं त्यांना घटिकापात्रापाशी बसून आपली पाळी मोजता येत नव्हती. मीर-आबाला गावात तोंड दाखवायचं असे. पंपिंग स्टेशनाला तोंड नसतं.

जायचं असेल तर

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. भारतीयांना २०२४ मध्ये मिळालेली व्हिसामाफी २०२५ च्या नोव्हेंबरात थांबवली गेली, आणि तिकडची परिस्थितीही कधी बिघडेल ते सांगता येत नाही. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात. चक चकला उन्हाच्या आत चढा, पायऱ्या खूप आहेत. आणि जामे मशिदीत सगळे वर बघत उभे असतील तेव्हा तिथल्या माणसाला पायाब कुठे आहे ते विचारा.